एक नाव, अनेक माणसे : गडमुडशिंगीच्या पंचक्रोशीतील नामसाम्य

इतिहास वाचताना सनावळी पाठ नसली तर फारसे अडत नाही. ती पुस्तकात पाहता येते. नावांचे मात्र तसे नाही. नाव ओळखीचे वाटले की आपण पुस्तक उघडतच नाही. 'हे आपल्याला ठाऊक आहे', असे मन म्हणते आणि एकाचे चरित्र दुसऱ्याच्या माथी मारून मोकळे होते. या सरमिसळीत नुकसान होते ते नेहमी लहानाचे. थोराला काही उणे पडत नाही. त्याच्याच नावाचा जो लहान, अल्पायुषी वा दुर्दैवी माणूस होऊन गेला तो मात्र स्मृतीतून पुसला जातो. नामसाम्याच्या या बाजूचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही दूरचा प्रांत न निवडता कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीची पंचक्रोशी निवडली आहे. नामसाम्याची इतकी उदाहरणे एवढ्याशा टापूत क्वचितच आढळतील.

गावांची नावे आणि लोकांची खूण

गडमुडशिंगी हे करवीर तालुक्यातील गाव. कोल्हापूर शहराच्या पूर्वेच्या बाजूला, उजळाईवाडीच्या विमानतळालगत ते वसले आहे. शेजारच्याच हातकणंगले तालुक्यात दुसरी मुडशिंगी आहे. तिला मौजे मुडशिंगी म्हणतात. दोन्ही गावांचे मूळ नाव एकच. त्यांना वेगळे ठेवणारी खूण एवढीच, की एकीच्या मागे 'गड' लागला आणि दुसरीच्या मागे 'मौजे'.

ही तऱ्हा एकट्या मुडशिंगीची नाही. बाजारपेठेचे ते पेठ वडगाव आणि शेतकऱ्यांची वस्ती ते मौजे वडगाव. दोन्ही एकाच हातकणंगले तालुक्यात. पंचगंगेच्या पुलाजवळची ती पुलाची शिरोली आणि करवीर तालुक्यातील दुसरी ती शिरोली दुमाला. कागल तालुक्यात कसबा सांगाव आहे आणि मौजे सांगावही आहे. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेली ती पट्टण कोडोली आणि पन्हाळा तालुक्यातील नुसती कोडोली. या दुसऱ्या कोडोलीत आपल्या प्रोटेस्टंट बंधूंच्या मिशनचे जुने ठाणे होते. कोल्हापूर शहराला चिकटलेला कसबा बावडा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा गगनबावडा यांचीही गोष्ट तीच.

या उपपदांकडे आपण लक्ष देत नाही, पण प्रत्येकात थोडा इतिहास साठवलेला आहे. 'कसबा' म्हणजे परगण्याच्या कारभाराचे वा व्यापाराचे मुख्य गाव. 'मौजे' म्हणजे साधे शेतीचे खेडे. 'पेठ' शब्दातून बाजार दिसतो. 'दुमाला' या शब्दातून त्या गावचा महसूल सरकारने कोणा इनामदाराकडे लावून दिला होता हे कळते. हे शब्द कोणा पंडिताने योजलेले नाहीत. सारा भरणाऱ्या, पत्र धाडणाऱ्या, सोयरीक जुळवणाऱ्या लोकांना दोन गावांचा घोटाळा परवडणारा नव्हता, म्हणून ते रूढ झाले. एका मुडशिंगीचा सारा दुसरीच्या नावे पडला तर कोणाच्या तरी पोटावर पाय येणार, हे त्यांना कळत होते. नाव बदलायचे नाही, पण त्याच्यापुढे एक खूण ठेवायची, अशी ही साधी रीत. जेथे खूण नाही तेथे अडचण होते. गडमुडशिंगीच्या शेजारी उचगाव आहे आणि बेळगावजवळही उचगाव आहे. तेथे जिल्हा सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

वळिवडे आणि गांधीनगर

गडमुडशिंगीच्या जवळच गांधीनगर आहे. कापडाच्या घाऊक व्यापारामुळे हे नाव दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. बाहेरच्या माणसाला मात्र गांधीनगर म्हटले की गुजरातची राजधानी आठवते. वस्तुतः गुजरात राज्यच १९६० मध्ये झाले आणि त्याची राजधानी त्यानंतर वसवली गेली. कोल्हापूरचे गांधीनगर त्याहून जुने. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची ही वसाहत.

पण त्या नावाखाली आणखी एक स्मृती दडलेली आहे. ज्या जागी सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला, त्या बराकी मुळात दुसऱ्याच निर्वासितांसाठी बांधलेल्या होत्या. १९४० पासून पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना सोव्हिएत सत्तेने सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलुखात हाकलून नेले होते. त्यांपैकी काहींची सुटका झाली आणि १९४२ मध्ये ते जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर इराणमध्ये उतरले. त्यांच्यातील सुमारे ५,००० जणांसाठी १९४३ मध्ये वळिवडे येथे छावणी उभी राहिली. स्त्रिया आणि मुले यांचीच संख्या मोठी होती आणि बहुतेक जण कॅथलिक होते. छावणीत चर्च होते, शाळा होत्या, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ही माणसे येथून निघून इंग्लंड, पोलंड आणि अन्य देशांत पांगली. पोलिश लोकांच्या आठवणींत या ठिकाणाचे नाव 'वळिवडे' असेच आहे, गांधीनगर नव्हे.

येथे नामसाम्याचा दुसरा एक प्रकार दिसतो. त्याच काळात जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहांनी पोलिश मुलांना आश्रय दिला होता. 'भारतातील पोलिश छावणी' असे म्हटले की अनेकांना तेवढीच एक आठवते. नाव एक, छावण्या दोन. आणि जी अधिक प्रसिद्ध झाली तिच्या नावाखाली दुसरी झाकली गेली. ज्यांनी वळिवड्यात दिवस काढले ते मात्र हा फरक विसरले नाहीत. वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाचे स्वतंत्र स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात जामसाहेबांच्या स्मारकास आणि कोल्हापूरच्या स्मारकास अशी दोन्ही ठिकाणी भेट देऊन आदरांजली वाहिली. दोन ऋणे होती, ती दोन ठिकाणी फेडली गेली. आम्हाला यात औचित्य दिसते.

दोन ताराबाई, दोन बालराजे

छावणी उभी राहिली तेव्हा कोल्हापूर संस्थानाच्या गादीवर कोण होते? या प्रश्नाचे उत्तर वाचून वाचकांना आश्चर्य वाटेल. गादीवर शिवाजी महाराज होते आणि त्यांच्या वतीने महाराणी ताराबाई कारभार पाहत होत्या.

शाळेतला इतिहास आठवणाऱ्या कोणालाही येथे अडखळायला होईल. कारण शिवाजी नावाचा बालराजा आणि त्याच्या वतीने राज्य राखणाऱ्या ताराबाई ही जोडी तर इ. स. १७०० मधील! छत्रपती राजाराम महाराज त्या वर्षी सिंहगडावर निधन पावले. त्यांचा पुत्र शिवाजी अवघा चार वर्षांचा होता. त्याला गादीवर बसवून महाराणी ताराबाईंनी सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. कोल्हापूरच्या गादीचा उगम त्यांच्याकडूनच झाला. १७१४ मध्ये त्यांची सवत राजसबाई हिने सत्ता हाती घेऊन आपला पुत्र संभाजी यास गादीवर बसवले. हे संभाजी म्हणजे थोरल्या शिवछत्रपतींचे पुत्र संभाजी महाराज नव्हेत, तर त्यांचे पुतणे. या संभाजींच्या पत्नीचे नाव जिजाबाई. १७६० मध्ये पती वारल्यावर त्यांनी एका मुलास दत्तक घेतले, त्याचे नाव शिवाजी ठेवले आणि १७७३ पर्यंत त्याच्या वतीने कारभार पाहिला. म्हणजे जिजाबाई आणि शिवाजी ही जोडीही इतिहासात दोन वेळा आली.

विसाव्या शतकातील ताराबाई या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या, राजाराम महाराजांच्या पत्नी. हे राजाराम १९४० मध्ये वारले. त्यानंतर १९४२ मध्ये एक वर्षाचेही न झालेले बालक दत्तक घेण्यात आले आणि त्याचे नाव शिवाजी ठेवले गेले. हे बालमहाराज सप्टेंबर १९४६ मध्ये वारले, तेव्हा त्यांना पाच वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या नावाने निघालेल्या हुकुमांच्या छत्राखाली हजारो परकी मुले वळिवड्यात वाढत होती. ती मुले मोठी झाली, देशोदेशी गेली; ज्याच्या राज्यात ती राहिली तो बालराजा मात्र वाढलाच नाही. आज त्याचे नाव कोणाच्या ओठी नाही. असेल तरी कसे? 'शिवाजी महाराज' म्हणताच त्या पाच वर्षांच्या मुलाकडे कोणाची नजर वळणार?

दत्तक नावाचे ओझे

कोल्हापूरच्या राजवंशात नावांची ही पुनरावृत्ती का झाली, याचे कारण दत्तकविधानात आहे. राजा निपुत्रिक वारला की नात्यातील मुलगा दत्तक घ्यायचा आणि त्यास पूर्वजांचे नाव द्यायचे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. १८६६ मध्ये नागोजीराव पाटणकर राजाराम झाले. १९४७ मध्ये देवासचे विक्रमसिंह पवार कोल्हापूरच्या गादीवर आले तेव्हा ते शहाजी झाले. नाव बदलले की माणूस नव्या घराण्याचा झाला, जुन्या थोरवीचा वारस झाला, अशी ही भावना. स्नानसंस्काराच्या वेळी बालकाला संताचे नाव देताना आपलीही भावना फार वेगळी नसते.

पण पूर्वजांचे नाव हे वरदान असते तसे ओझेही असते. १८७१ मध्ये दत्तक आलेल्या शिवाजी महाराजांचे उदाहरण पाहावे. ते वयात येत असतानाच त्यांना वेडे ठरवण्यात आले. त्यांचा छळ होतो आहे असे लेख 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांत प्रसिद्ध झाले. त्यावरून संस्थानचे कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हे १०१ दिवस मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहेत; आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिले. परंतु ज्याच्यासाठी हे दोघे तुरुंगात गेले तो तरुण राजा पुढच्याच वर्षी, १८८३ च्या नाताळच्या दिवशी, अहमदनगर येथे देखरेखीखाली असताना पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावला. त्याचे वय वीस होते. भारतातील एका सर्वांत तेजस्वी नावाचा तो धनी होता, आणि त्या तेजातच त्याची करुण कहाणी दिसेनाशी झाली.

तीन राजाराम

गडमुडशिंगीच्या वेशीवर तर हा प्रश्न आजही जिवंत आहे. कोल्हापूरच्या विमानतळास छत्रपती राजाराम महाराजांचे नाव द्यावे असा प्रस्ताव महाराष्ट्राने केंद्राकडे मांडला. नाव उचितच आहे. पण कोणते राजाराम?

पहिले राजाराम म्हणजे थोरल्या शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र. जिंजीच्या किल्ल्यातून मोगलांशी लढा चालवणारे आणि १७०० मध्ये वारलेले.

दुसरे राजाराम म्हणजे नागोजीराव पाटणकर. १८७० मध्ये ते युरोपच्या प्रवासास गेले, इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीस भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. ज्या नगरात दहनाची चाल नव्हती तेथे आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी देण्यात आला. १८७४ मध्ये त्या जागी त्यांच्या अर्धपुतळ्यावर छत्री उभारली गेली. पुढे तेथे पूल झाला, त्यास फ्लॉरेन्सचे लोक 'पोन्ते आल्ल इंदियानो', म्हणजे भारतीयाजवळचा पूल, असे म्हणतात. घरी त्यांच्या नावाचे अनेक जण असल्याने ते हरवले. परदेशी त्यांचे नाव कोणास उच्चारताही न आल्याने ते 'एक भारतीय' एवढेच उरले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० मध्ये सुरू झाले ते यांच्या नावाने. तिसऱ्या राजारामांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता.

तिसरे राजाराम म्हणजे राजर्षी शाहूंचे पुत्र. जन्म १८९७, कारकीर्द १९२२ ते १९४०. कोल्हापूरचा विमानतळ त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ च्या सुमारास, आकारास आला. विमानतळाशी जोडले जाणारे नाव यांचे आहे. मुंबई-पुण्यालाही विमान ही नवलाई होती अशा काळात एका संस्थानिकाने माळावर धावपट्टी आखली, हे त्यांचे कर्तृत्व. पण नुसते 'छत्रपती राजाराम महाराज' वाचून उतरणारा प्रवासी जिंजीचे स्मरण करील आणि जिंजीच्या राजारामांना विमानतळाचे श्रेय देऊन पुढे जाईल. दोघांचाही यात सन्मान होत नाही. नावापुढे केवळ १८९७–१९४० एवढे आकडे घातले तरी पुरे. पुलाच्या शिरोलीला पूल लागतो तसेच ते.

शाहूंच्या बाबतीत लोकांनी ही खूण आधीच केली आहे. साताऱ्याचे शाहू (१६८२–१७४९) आणि कोल्हापूरचे शाहू (१८७४–१९२२) यांच्या नावाने दोन्ही नगरांत शाहूपुरी आहे. साताऱ्याचे ते थोरले शाहू. कोल्हापूरच्या शाहूंना १९१९ मध्ये कानपूर येथे कुर्मी क्षत्रिय समाजाने 'राजर्षी' ही पदवी दिली आणि तीच त्यांची ओळख ठरली. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे शाहू कोणते, हे त्या एका शब्दाने कायमचे ठरून गेले. सातारा आणि कोल्हापूर या भाऊबंदांच्या गाद्या. दोहोंची हद्द १७३१ मध्ये वारणेच्या तहाने ठरवावी लागली होती. दीडशे वर्षांनी कोल्हापूरने आपल्या दत्तक पुत्रास साताऱ्याच्या राजाचे नाव दिले. जुने वैर नावातून विसरले गेले, तरी दोन माणसे मात्र एक झाली नाहीत.

मरियांची सरमिसळ

हे सारे राजेरजवाड्यांचे प्रश्न, आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण पवित्र सभेच्या इतिहासातही नामसाम्याने एका स्त्रीवर मोठा अन्याय झाला आहे. पुनरुत्थित प्रभूला प्रथम पाहणारी मरिया मग्दालेना, मार्था व लाजरस यांची बहीण बेथानीची मरिया, आणि लूकच्या शुभवर्तमानातील प्रभूचे पाय आसवांनी भिजवणारी निनावी पापी स्त्री, या तीन व्यक्ती. इ. स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात तिघींना एकच मानले. पौर्वात्य सभेने त्यांना वेगळे ठेवले. पश्चिमेत मात्र ग्रेगरींचे मत रूढ झाले. परिणाम असा की साक्षीदार म्हणून जिचा गौरव व्हायचा ती शतकानुशतके चित्रांत आणि प्रवचनांत पश्चात्तापी वेश्या म्हणून उभी राहिली. १९६९ च्या सुधारित उपासना-पंचांगाने ही गाठ सोडवली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनास सणाचा दर्जा दिला. २०२१ मध्ये बेथानीच्या मरियेस मार्था व लाजरस यांच्यासह २९ जुलै हा दिवस मिळाला. एक नाव सोडवायला पवित्र सभेला चौदाशे वर्षे लागली.

शुभवर्तमानकारांनी तर आरंभापासून काळजी घेतली होती. लूकने दिलेल्या यादीत बारा प्रेषितांपैकी सहा जण तीन नावांत वाटलेले आहेत : दोन शिमोन, दोन याकोब, दोन यहूदा. म्हणून एक जब्दीचा मुलगा आणि दुसरा अल्फीचा मुलगा. यहूदाच्या बाबतीत तर योहानाला मुद्दाम सांगावे लागले की हा इस्कर्योत नव्हे. ती खूण नसती तर एका निष्ठावंत प्रेषिताच्या माथी विश्वासघाताचा डाग बसला असता. प्रेषितांच्या कृत्यांत सिरियातील अंत्युखिया आणि पिसिदियातील अंत्युखिया ही दोन नगरे अशीच वेगळी राखली आहेत. 'गड' आणि 'मौजे' यांचेच हे भाऊबंद.

नोंदवहीची शिकवण

आम्हा धर्मगुरूंच्या हाती धर्मग्रामाच्या नोंदवह्या असतात. विवाहांची वही ठेवण्याचा नियम १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे टिपण्यासही तिनेच सांगितले. त्यामागील शहाणपण वही उघडताच कळते. आपल्या समाजात नावे थोडी आणि माणसे पुष्कळ. आजोबांचे नाव नातवाला, संताचे नाव गावातल्या दहा मुलांना. दाखला मागायला आलेल्याने नुसते 'जोसेफ' म्हणून भागत नाही. वडिलांचे नाव, आईचे नाव, घर, धर्ममातापिता आणि तारीख, इतके जुळले म्हणजेच तो जोसेफ सापडतो. देवाला प्रत्येक जण नावाने ठाऊक आहे अशी आपली श्रद्धा आहे. माणसांना मात्र नावाबरोबर आणखी चार गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात. ते काम कंटाळवाणे आहे, पण त्यात प्रेम आहे.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एकच विनंती. घरातील जुन्या छायाचित्रांच्या मागे, थडग्यांवर, वंशावळीच्या वहीत नुसते नाव लिहून थांबू नये. कोणाचा, कोणत्या गावचा, केव्हा जन्मला आणि केव्हा वारला, एवढे अवश्य लिहावे. बालपणीच वारलेल्या मुलाचे नाव पुढच्या भावंडाला देण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती; त्या पहिल्या बाळाची ओळही वेगळी लिहावी. आज ज्यांना हे माहीत आहे ते वृद्ध आहेत. ते हयात आहेत तोवरच ही नावे वेगवेगळी करून घेता येतील.